केळफुलाच्या दुधवड्या

माईंच्या पुस्तकात एकशे अठराव्या पानावर माझं नाव आहे. पुस्तक आता बाजारात मिळत नाही. माझ्याकडची प्रतही सुटी सुटी झालीय, मी ती जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवते, तरी ते पान मला शोधावं लागत नाही. वर ठळक अक्षरात ‘केळफुलाच्या दुधवड्या’, खाली माझं पूर्ण नाव आणि ‘परळ’, मग दीड पान हकिकत आणि अर्धं पान कृती. इथे छत्तीसगडात माझी सून घरात कोणाचा वाढदिवस असला की त्या वड्या करते. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून मी ओट्याशी उभी राहून वाचून दाखवते, आणि ती शेजारणींना कौतुकाने सांगते, ये मम्मीजी के मायके की चीज है. मी गॅस नीट बंद झालाय का ते दुसऱ्यांदा बघून येते. माझ्या माहेरी त्या वड्या पुस्तकाआधी कोणी केल्या नव्हत्या आणि खाल्ल्याही नव्हत्या. त्या मी रचल्या होत्या. हे मी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नाही, आणि आता तो नाही. तेव्हा आता लिहून टाकते.

गिरणी बंद पडली तेव्हा मी नववीत होते. परळला चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर आमची एक खोली, बाहेर समोरासमोरच्या सगळ्या खोल्यांची मिळून एक लांब गॅलरी. बाबा साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर होते. काम गेलं तरी त्यांची सवय गेली नाही. पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे, धुतलेला शर्ट घालायचे आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, कोणी हाक मारलीच तर लगेच निघता यावं म्हणून. दादा कॉलेजात होता. आता एकाचंच शिक्षण पुरं होईल हे घरात कोणी तोंडाने बोललं नाही. एका सोमवारी मी शाळेत गेले नाही, मंगळवारीही गेले नाही, आणि कोणी ओरडलं नाही, त्यावरून मी काय ते समजले. आई दोन घरची धुणी करून यायची आणि वातीच्या स्टोव्हवर भाकऱ्या थापायची. तिच्या बांगड्या परातीवर आपटल्याचा आवाज यायचा, तो ऐकून गॅलरीतल्या बायका वेळ ओळखायच्या. आठवडाभर भाकरी, डाळ, सुकट, कधी बोंबील. आणि रविवारी वजडी, म्हणजे जनावराचं पोट आणि आतडी. बाबा सकाळी पिशवी घेऊन जायचे, आई घमेल्यात गरम पाणी घालून ती वजडी सुरीच्या पाठीने खरवडत बसायची, खर्र खर्र, आणि मग दुपारपर्यंत ती शिजत राहायची. तो वास तिन्ही मजल्यांवर फिरायचा. लहानपणी त्या वासाने मला भूक लागायची. चौदाव्या-पंधराव्या वर्षी त्याच वासाने मी खोलीचं दार ओढून घ्यायला लागले. का, ते पुढे येईलच.

शाळेतल्या मराठीच्या बाई एकदा चाळीत आल्या. आईला म्हणाल्या, “हिचं अक्षर छापल्यासारखं आहे हो. वाया घालवू नका.” आई म्हणाली, “अक्षर काय खायचं हाय का, बाई?” बाई हसल्या, पण महिन्याभरात त्यांनी मला गिरगावात फणसवाडीत आपल्या मावशीकडे नेलं. त्या माई. त्यांचं कुटुंब मुंबईतलं पिढ्यान्‌पिढ्यांचं, एकेकाळी घरं-जमिनी असलेलं. आता मुलगा डॉक्टर होता आणि घरात एक सून, नीलाताई. माईंचा उजवा हात कापायचा. चहाचा कप त्या दोन्ही हातांनी धरत, पेन मात्र दोन्ही हातांनी धरता येत नाही. आणि त्यांना पुस्तक लिहायचं होतं, तेही स्वयंपाकाचं, पण जसं असतं तसं नाही. “कृती म्हणजे नुसतं हाडूक,” त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “मांस त्या बाईच्या बोलण्यात असतं. आपण दोन्ही घ्यायचं.” गिरगावापासून लालबागेपर्यंतच्या साठ बायका, प्रत्येकीचा एक पदार्थ आणि त्या पदार्थामागची हकिकत. त्यांचा एक नियम होता, त्यात त्यांनी कधी सवलत दिली नाही. पदार्थ जिचा, तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच हातचा खाल्ल्याशिवाय तो पुस्तकात घ्यायचा नाही. डबा पाठवते म्हणणाऱ्या बायकांना त्या म्हणत, “डब्यातून हकिकत येत नाही.”

अशी मी दोन वर्षं माईंबरोबर हिंडले. टॅक्सीने जायचं, जिने चढायचे, माई पाटावर किंवा खुर्चीवर आणि मी वही मांडीवर घेऊन खाली. पहिल्या वेळी मी फक्त कृतीच लिहिली. घरी आल्यावर माईंनी वही वाचली आणि चष्मा काढला. “अगं, तिच्या दिराचं काय झालं? तो घर सोडून गेला त्या दिवशी तिने हे सांबारं केलं होतं ना? ते कुठेय?” मी म्हटलं, “ते पण लिहायचं?” “तेच लिहायचं!” मग मी सगळंच लिहायला लागले. लालबागेला एक मालवणी आजी होत्या, बांगड्याचं तिखलं सांगता सांगता त्या नवऱ्याला अशा काही शिव्या घालत होत्या की माझं पेन थांबलं. तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, “थांबलंस कित्याक गो? लिव. त्रिफळा घालूक ईसरलंस तर चलात, माज्या घोवाक ईसरू नको.” माई इतक्या हसल्या की त्यांचा हात कापायचा थांबला, असं मला तेव्हा वाटलं होतं.

या हिंडण्यात मला एक गोष्ट दिसली, ती सांगून ठेवते. बाई पदार्थ सांगायला लागली की तिचे हात चालायला लागतात. समोर काही नसतं, पण ती हवेतच पीठ मळते, हवेतच फोडणीवर झाकण ठेवते. मीठ किती विचारलं तर तोंडाने “अंदाजे” म्हणते आणि तिची तीन बोटं मात्र नेमकी चिमूट धरतात. तेव्हा मला ते गमतीचं वाटायचं. मी वहीत कोपऱ्यात ते हातही काढून ठेवायची. माईंनी मला शुद्धलेखन शिकवलं, शब्दकोश बघायला शिकवलं, जेवायला आपल्या शेजारी बसवलं. हे मला मुद्दाम लिहायचंय, कारण पुढे जे आहे त्यात माईंचा दोष नाही. माझ्या हातून आज दोन ओळी लिहिल्या जातात त्या त्यांच्यामुळे. फक्त एवढंच, की दोन वर्षं आम्ही ज्या ज्या घरी गेलो त्यात आमच्या चाळीसारखं, आमच्या लोकांचं एकही घर नव्हतं. माईंच्या ते लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं, आणि मला त्यात सुटल्यासारखं वाटत होतं.

मग एकोणसाठ झाल्या आणि साठावी बाई गळाली. तिच्या सासूने नको म्हटलं. ती दुपार मला स्वच्छ आठवते. माई पानं लावत होत्या, मी डिंक लावत होते, आणि खालच्या मजल्यावर कोणीतरी सुकट भाजत होतं. नीलाताई आल्या आणि तिन्ही खिडक्या धाडधाड लावल्या. “शी! माणसं खातात कसं हे? पडदे धुवायला टाकावे लागतील.” त्या मला बोलल्या नव्हत्या. पापलेट, सुरमई त्यांच्या घरी रोज व्हायची. वास सुकटीचा होता एवढंच. आणि सकाळी मी तीच सुकट खाऊन निघाले होते. मी डिंकाची बाटली उगाच घट्ट लावत बसले. आणि नेमकं तेव्हाच माई म्हणाल्या, “अगं सुजाता, मी किती वेडी! साठावी शोधत बसलेय. तुझी आई आहे की. तुझ्या घरचं काहीतरी सांग ना.”

मी सांगितलं. एवढं पटकन सांगितलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. दादरच्या एका बाईकडच्या डाळीच्या वड्या घेतल्या, दुसऱ्या एकीकडचं केळफूल घेतलं, लालबागेतलं नारळाचं दूध आणि माईंच्याच घरची वेलची. केळफूल चिरावं, वाटलेल्या हरभऱ्याच्या डाळीत घालावं, वड्या तळाव्यात आणि नारळाच्या दुधात सोडून खदखदा उकळाव्यात. “गूळ की मीठ?” माईंनी विचारलं. मी म्हटलं, “दोन्ही.” “आणि केळफूल साफ कसं करते आई?” “असंच.” माई म्हणाल्या, “हं.” मग हकिकत हवी म्हणून मी बाग लावली. माझ्या आईच्या माहेरी, महाडच्या बाजूला, केळीची बाग होती. घरात नवी सून आली की आजी या वड्या करायची. माई मान डोलावत होत्या. माझे हात मांडीवर होते. हे मला फार नंतर सुचलं, की सांगताना माझे हात अजिबात हलले नव्हते.

“छान,” माई म्हणाल्या. “येत्या रविवारी तुझ्या आईकडे खायला येते.”

चार दिवस मी बहाणे शोधले. आईला बरं नाही म्हटलं तर माई म्हणाल्या, “मग बघायलाच येते.” आमचे जिने उंच आहेत म्हटलं तर म्हणाल्या, “लालबागेचे काय बुटके होते?” शेवटी शुक्रवारी दुपारी आई गॅलरीत तांदूळ निवडत बसली होती तेव्हा मी तिच्या पाठीशी बसून, तोंड न दाखवता, सगळं सांगून टाकलं.

आई आधी हसली. “बाग? माझ्या बापाच्या दारात शेवग्याचं एक झाड होतं, ते पण शेजाऱ्याचं.” मग तिने समोरच्या खोलीतल्या जनाकाकूला हाक मारली. “जने, ऐकलंस का? मी बागायतदारीण हाय!” जनाकाकू दारातूनच म्हणाली, “मग केळी दे की चार, सावकार.” दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मला वाटलं, सुटले. पण जनाकाकू आत गेली आणि आईचा हात सुपात तसाच राहिला. तिने एक खडा वेचून बाहेर टाकला. मग म्हणाली, “सुजे, खोटं बोललीस ते बोललीस. पण माझ्या हातचं एक पण नाय सापडलं तुला सांगायला?”

मी रडायला लागले. तिने मला जवळ घेतलं नाही आणि रागावलीही नाही. तांदूळ पाखडले, उठली आणि आत गेली.

शनिवारी ती कामावरून आली तेव्हा तिच्या पिशवीत दोन केळफुलं होती, दादरच्या बाजारातून आणलेली. परात पुढे ओढून म्हणाली, “आण ती वही. वाच, काय काय लिवलंयस ते.” मी वाचायला लागले. आईला वाचता येत नव्हतं, आयुष्यात पहिल्यांदाच ती कागदावरून ऐकून स्वयंपाक करत होती, आणि तो कागद माझा होता. दुसऱ्याच ओळीला तिने हात वर केला. “चिरावं? आधी सोलायचं नाय? एकेका फुलातली ही काळी काडी काढायची, हा पापुद्रा काढायचा, मग ताकात टाकून ठेवायचं. नायतर ती म्हातारी जीभ धरून बसेल.” मी विचारलं, “तुला कसं माहीत?” ती म्हणाली, “वाच पुढं.” पुढे दूध खदखदा उकळावं होतं. तिने तसं केलं. दूध फाटलं. आईने पातेल्यात डोकावून बघितलं. “तुझ्या आजीच्या बागेतलं दूध फाटलं गं.” बाबा गॅलरीतून म्हणाले, “गिरणीच्या कँटीनला पण असंच व्हायचं,” आणि ती फाटलेली पहिली खेप दादाने मीठ लावून संपवली. दुसऱ्या वेळी आईने वहीकडे लक्षच दिलं नाही. मंद आच, दूध शेवटी, गूळ काढून टाकला, मिरची घातली. एक वडी फुंकून तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाली, “असं लागतं होय.”

रविवारी बाबा पिशवी घेऊन निघाले तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले. “बाबा, आज नको ना. आज एक दिवस.” बाबांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, “तुझे बाबा त्यांचं रविवारचं जेवतील. जनीच्या खोलीत शिजवू. झालं?” मला वाटलं किती सोपं उत्तर. बाबा परत येताच आईने वजडी साफ केली, मसाला वाटला आणि पातेलं उचलून समोरच्या स्टोव्हवर ठेवून आली. पण वास काय कोणाची खोली ओळखतो? माईंना आणायला मी खाली गेले होते, त्या दुसऱ्या मजल्यावर दम घ्यायला थांबल्या तेव्हाच तो आमच्यापर्यंत आला होता.

आईने लग्नातलं पातळ नेसलं होतं. माईंना खुर्ची, खुर्चीवर धुतलेली चादर. बाबा नमस्कार करून गॅलरीच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले. माईंनी बशी दोन्ही हातांनी धरली. एक वडी खाल्ली, दुसरी खाल्ली. “छान झाल्यात हो. हलक्या आहेत.” मग त्यांनी मान वर केली आणि नाकाने हवा ओढली, अगदी लहान मुलासारखी. “आणि हा वास कसला येतोय, सुजाताची आई?”

माझं पेन वहीवर टेकलेलं होतं, तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला. आईने माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. मग माईंकडे वळून, हसून म्हणाली, “शेजारी वजडी शिजतेय. त्यांच्याकडं असतं रविवारचं.”

माझ्या आईने माझ्यासाठी आपलं पातेलं दुसऱ्याचं करून टाकलं. तेव्हा मला फक्त हायसं वाटलं. लाज नंतर आली, आणि ती अजून गेलेली नाही.

“आणि तुमची बाग?” माईंनी विचारलं. मी खाली मान घातली. आता ही काय सांगणार? आणि आई सांगायला लागली. पाट सोडला की वाफ्यावाफ्यातून पाणी कसं धावतं, ती सांगत होती आणि तिचा तळहात जमिनीलगत सरकत होता. केळफुलाचं एकेक लाल पान उलगडलं की खाली फुलांची फणी कशी निघते, हे ती बोटांनी दाखवत होती. चिकाचे डाग लुगड्यावर पडले की जन्मात जात नाहीत. फुलांच्या टोकाला गोड पाणी साठतं, त्याला मुंग्या लागतात. “ते आम्ही पोरं चोखायचो. कोणी बघत नसलं की.” माई हसल्या. “स्वतःच्याच बागेत चोरून?” आईचे हात थांबले. “लहानपण ते, माई,” ती म्हणाली, आणि पुढे सांगत राहिली. बायका मागच्या पडवीत बसून फुलं कशी सोलायच्या, काडी कशी काढायच्या, ताक कसं घालायच्या. माझं पेन धावत होतं आणि एकीकडे मला कळत होतं. बाग खरी होती. पाणी, डाग, मुंग्या, सगळं खरं होतं. बाग फक्त गावच्या खोताची होती. आई तिथे केळीचे घड वाहायची, फुलांची टोपली मागच्या दाराशी ठेवायची आणि अंगणात लांब उभी राहून त्या सोलणाऱ्या बायकांकडे बघायची. चव काय ती तिला काल कळली होती.

‘कोणी बघत नसलं की’ हे शब्द मी जसेच्या तसे लिहिले. ते पुस्तकात आहेत.

निघताना माई म्हणाल्या, “साठाव्या तुम्ही. नाव सांगा पूर्ण.” आई म्हणाली, “माझं नको. हिचं घाला. पदार्थ हिचा हाय.” माईंना तो आईचा विनय वाटला. त्यांनी आईच्या पाठीवरून आपला कापरा हात फिरवला आणि मला म्हणाल्या, “नशीबवान आहेस.”

मी त्यांना खाली टॅक्सीपर्यंत सोडायला गेले. जनाकाकूच्या दारासमोरून जाताना माई थांबल्या. दार लोटलेलं होतं, आत पातेल्याचं झाकण वाफेने खुळखुळत होतं. माईंनी डोळे मिटून श्वास घेतला. “सुजाता, आमच्या घरी माझ्या सासऱ्यांना वजडी फार आवडायची. त्यांच्यामागे कोणी केली नाही. या बाईंना विचारशील का गं? साठाच्या एकसष्ट झाल्या तर काही बिघडत नाही. आत्ताच विचारतेस?”

दार दोन पावलांवर होतं. आणि त्याच्या बरोबर समोर, आमच्या उंबऱ्यात, आई हात पुसत उभी होती. तिने ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मी त्याआधी किंवा त्यानंतर कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. नुसती वाट बघणं म्हणा. मी एवढंच म्हणायचं होतं, माई, पातेलं आमचंच आहे.

मी म्हटलं, “ती नाही सांगणार, माई.”

“अगंबाई. असो,” माई म्हणाल्या, आणि आम्ही जिना उतरलो.

वर आले तर जनाकाकू कपड्याने धरून पातेलं आमच्या खोलीत ठेवत होती. “घे बाई तुझी शेजारची वजडी. माझी खोली नुसती घमघमली आणि वर दाराआडून ऐकते तर म्हणे मी कोणाला सांगत नाय!” आई हसली. तिने सगळ्यांची ताटं घेतली, माझं पहिलं वाढलं, त्यात मला आवडायचे ते मऊ तुकडे निवडून घातले. त्या दिवसाविषयी ती मला एक शब्द बोलली नाही. पुस्तक आलं तेव्हा दादाने पान वाचून दाखवलं, तर म्हणाली, “बाग झकास लिवलीय.” मग ते पान तिने हाताने सारखं केलं.

पुढे माझं लग्न ठरलं, नवरा इकडे पोलादाच्या कारखान्यात, आणि मी परळहून एवढ्या लांब आले की पहिल्या वर्षी मला तारांची आणि पत्रांचीच स्वप्नं पडायची. माई गेल्याचं मला पत्रानेच कळलं. एकदा, मुलगा पोटात असताना, मला वजडीची अशी काही आठवण आली की मी बाजारातल्या बूथवरून चाळीखालच्या दुकानात फोन लावला आणि आईला बोलावून घेतलं. “आई, वजडी कशी करायची सांग. मी लिहून घेते.” ती एवढी हसली की शेजारचा दुकानदार काय झालं म्हणाला, ते मला ऐकू आलं. “फोनवर सांगायची गोष्ट हाय का ती? ये. समोर बस. सांगते.” मी जायची, दोन वर्षांतून एकदा, आठ-दहा दिवस. मुलं लहान, पाहुणे, लग्नं, कार्यं. समोर बसायचं राहून गेलं, आणि मग आईच गेली. साठ बायकांचे पदार्थ माझ्या अक्षरात आहेत आणि माझ्या आईचा एकही नाही.

गेल्या महिन्यात सुनेने पुन्हा त्या वड्या केल्या आणि माझी नात म्हणाली, “आजी, तुम्हारी मम्मी और क्या बनाती थी?” तिला मी त्या दिवशी ही सगळी गोष्ट सांगितली. आता कृती. माईंच्या पुस्तकात असायची तशीच मांडते. पहिल्यांदा पदार्थ, मग बाई, मग वस्ती.

वजडी. भागीरथी, सुजाताची आई. परळ.

वजडी बाबांनी सकाळी आणलेली असावी. घमेल्यात ठेवून वर कढत पाणी ओतावं, उकळतं नव्हे, बोट घातलं की पटकन काढावंसं वाटेल एवढं. सुरीच्या पाठीने खरवडावी. काळं सगळं निघून पांढरी दिसेपर्यंत सोडू नये, कंटाळा आला तर गॅलरीतल्या बाईशी बोलत राहावं. मग चुना लावून चोळावी आणि सात पाण्यांनी धुवावी. आई सात मोजायची, मोठ्याने. तुकडे करून हळद-मीठ लावून शिजत ठेवावी, तोवर कांदा आणि सुकं खोबरं निखाऱ्यावर किंवा तव्यावर चांगलं करपेपर्यंत भाजावं आणि लसूण घालून वाटावं, आणि ते वाटण घालून वजडी मऊ होईपर्यंत शिजू द्यावी. भाकरीबरोबर खावी. आपल्याच घरात शिजवावी, दार उघडं ठेवून.

चुना किती घ्यायचा ते मला लिहिता येणार नाही. आई तो करंगळीच्या नखावर घ्यायची. केवढा, ते मला हाताने दाखवता येतं. कोणाला हवं असेल तर ये, समोर बस.